ट्रॉलीला ब्रेक कधी लावणार?



आजचा मेसेज खताचा नाही, फवारणीचा नाही, बाजारभावाचाही नाही. जरा लांब आहे, दुपारी जेवण झाल्यावर निवांत वाचा. भातकापणी तोंडावर आली आहे. भारे, पोती, पेंढा सगळं आता ट्रॉलीत पडणार. त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे. आपल्या ट्रॉलीला ब्रेक नाही.

एखाद्याच्या ट्रॉलीला असेलही. पण बहुतेकांनी आपापल्या ट्रॉलीखाली एकदा वाकून बघा. एक्सल, हब, दोन टायर, संपलं. उभी केल्यावर चाकाखाली लावायचा दगड हाच आपला ब्रेक. आणि निघताना तो दगड तसाच रस्त्यात सोडून द्यायची आपली सवय, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या नशिबाला.

यावर आपल्यातले जुने लोक म्हणतात, इतकी वर्षं ट्रॉली चालवली, काही झालं नाही. त्यांच्या हाताबद्दल आम्हाला आदर आहे. पण एक हिशेब किलोमध्ये करून बघू, म्हणजे नशिबावर किती चाललंय ते कळेल.

ट्रॅक्टर २००० किलोचा धरा. ट्रॉली मालासकट ५००० किलो. मिळून ७००० किलो. दोन चाकी ट्रॉलीचं थोडं वजन हुकावर येतं, ते ५०० किलो धरू. म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरवर १८०० किलोच्या आसपास वजन पडलं. ब्रेक आहे तो फक्त त्या दोन टायरना. डांबर ओलं असेल, वर चिखल सांडलेला असेल, तर टायरची पकड त्यावरच्या वजनाच्या ३५ टक्के धरू. १८०० चे ३५ टक्के म्हणजे ६३० किलो. तुम्ही पेडलवर उभे राहिलात तरी ट्रॅक्टर यापेक्षा जास्त जोराने गाडी अडवू शकत नाही, टायर घसरतो.

आता उतार घ्या. बारा फूट पुढे गेलं की एक फूट खाली, असा. मलंगगडाच्या पायथ्याच्या गावांतून येणाऱ्यांना असे उतार काही नवीन नाहीत, आणि कॅम्प ५ मध्येही टेकडीच्या बाजूला आहेतच. या उतारावर सात टनाची गाडी ७००० भागिले १२, म्हणजे ५८३ किलोच्या जोराने खाली ओढली जाते. तुमच्याकडे अडवायला होते ६३०. शिल्लक राहिले ४७ किलो. तांदळाचं एक पोतं. त्या एका पोत्याच्या जोरावर सात टन थांबवायचे आहेत, आणि समोर शाळा सुटलेली आहे.

कोणी म्हणेल, आम्ही उताराला दुसरा गिअर टाकतो, इंजिन गाडी धरून ठेवतं. बरोबर आहे, तसंच करायला पाहिजे. पण इंजिनाची ती धरसुद्धा त्याच दोन टायरमधून रस्त्यापर्यंत पोचते. टायर घसरला की इंजिनही हातातून गेलं.

आता ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक असता तर? ट्रॉलीच्या टायरवरचे ४५०० किलो कामाला लागले असते. मग ६३०० चे ३५ टक्के, म्हणजे २२०५ किलो. त्यातून उताराचे ५८३ वजा करा, १६२२ उरतात. कुठे ४७ आणि कुठे १६२२. आकडे ढोबळ आहेत, तुमचा ट्रॅक्टर वेगळा, तुमचा माल वेगळा. पण फरक एवढा मोठा आहे की ढोबळपणाने तो पुसला जात नाही.

शिवाय नुसतं थांबण्याचं नाही. ट्रॅक्टर थांबायला बघतो आणि ट्रॉली मागून ढकलत राहते. वळणावर ही ढकल तिरकी बसते, ट्रॅक्टरचं बूड एका बाजूला जातं आणि ट्रॉली त्याच्यावर दुमडते. ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. आपल्याकडे तर मडगार्डवर अजून दोघं बसलेले असतात.

पैसे न लागणारी कामं आधी सांगतो. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर येण्याआधी कडीने एकत्र जोडा. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवतो आणि तसेच रस्त्यावर येतो. मग घाईत एकच दाबला जातो आणि ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाका, मध्येच नको. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांना काय बोलायचं, ते तुमच्या घरच्यांनी बोलावं. हुकाच्या पिनेशिवाय वेगळी एक मजबूत साखळी ट्रॅक्टरपासून दांड्याला लावा, पिन तुटली तर ट्रॉली निदान सुटून जाणार नाही.

आता ब्रेक कुठला, यावर येऊ. पहिल्यांदा हे स्पष्ट करतो की डिस्क की ड्रम हा दुसरा प्रश्न आहे. नीट मापाचा, दोन्ही चाकांना सारखा लागणारा ड्रम ब्रेकसुद्धा आजच्या काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा. पण आपल्या भागात नवीन खर्च करायचाच असेल, तर माझं मत गंज न धरणाऱ्या डिस्क ब्रेककडे आहे. कारण सांगतो.

आपली ट्रॉली वर्षातले चार महिने उघड्यावर पावसात उभी असते. आपला पाऊस म्हणजे हंगामाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, काही साली त्याहून जास्त. ड्रम म्हणजे झाकण घातलेलं भांडं. त्यात शिरलेलं पाणी आणि चिखल लवकर बाहेर येत नाही. आत शू आणि ड्रम गंजून एकमेकांना चिकटतात. ऑक्टोबरमध्ये ट्रॉली ओढली की एक चाक फिरतं आणि एक घासत येतं. मग फिटर म्हणतो, शूच काढून टाकू, त्रास नको. कितीतरी ट्रॉल्यांचे ब्रेक असेच गेले असतील. डिस्क उघडी असते. भिजते, पण वाळतेही. पाण्याचा पाइप मारून धुता येते. आणि मुख्य म्हणजे नुसतं बघून कळतं की पॅड उरलंय की नाही.

नुसतं पावसाचं पाणी असतं तर एवढं बोललो नसतो. ट्रॉलीत आपण काय काय भरतो ते आठवा. शेणखत, कोंबडीखत, युरिया, पोटॅश. पोटॅश म्हणून जे लाल-पांढरं खत घेतो ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. फाटक्या गोणीतून सांडलेलं पोटॅश आणि वर पाऊस, म्हणजे लोखंडाला समुद्राच्या काठावर बांधून ठेवल्यासारखंच. त्यात वालधुनीच्या बाजूने जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मलंगगडाच्या डोंगराकडून येते तेव्हा ती नदी असते, अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून कारखान्यांजवळून पुढे उल्हासनगरात येईपर्यंत तिचं काय होतं ते आपण नाकाला रुमाल लावून बघतो. पुराच्या वेळी ते पाणी रस्त्यावर येतं आणि त्यातूनच ट्रॉली जाते.

हा प्रश्न गांभीर्याने घेतला तो बोटवाल्यांनी. अमेरिकेत लोक स्वतःची छोटी बोट ट्रेलरवर घालून गाडीमागे ओढत समुद्रावर नेतात आणि ट्रेलर मागे घेत घेत चाकांसकट खाऱ्या पाण्यात उतरवतात. साधा ब्रेक तिथे फार टिकत नाही. म्हणून त्यांनी डिस्कवर जस्त आणि ॲल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांचा लेप द्यायला सुरुवात केली, काहींनी डिस्क आणि कॅलिपर पूर्ण स्टेनलेसचे केले. त्यांची अजून एक शिकवण आपल्याला ओढा ओलांडताना कामाची आहे. उतारावरून ब्रेक दाबत आल्यावर हब तापलेला असतो. तसाच गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. बेअरिंग तिथेच मरायला लागतं. ओढ्याच्या अलीकडे थांबा, एक बिडी होईपर्यंत हब गार होऊ द्या. (बिडी ओढा असं म्हणत नाही, वेळ सांगितला.)

स्टेनलेस डिस्क परदेशातच असते असं समजू नका. तुमच्या मोटारसायकलची पुढची डिस्क बघा, रात्रभर पावसात राहिली तरी सकाळी चकचकीत. शेजारच्या कारची डिस्क एका रात्रीत तांबडी होते. मोटारसायकलची स्टेनलेस असते, कारची बिडाची. बिडाचा गुण असा की ते उष्णता चांगली झेलतं, म्हणून जड गाडीला बीड लावतात. आपली ट्रॉली जड आहे. त्यामुळे लेप दिलेली बिडाची डिस्क हा आमच्या मते मधला मार्ग. पॅड घासतं तिथला लेप जाणारच, त्याला घाबरू नका, तिथला पातळ गंज पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. लेपाचं काम डिस्कची कड, मधलं बूड आणि बोल्टची जागा वाचवण्याचं. दुकानात चुंबक लावून स्टेनलेस ओळखायला जाऊ नका, डिस्कसाठी वापरतात त्या जातीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतं.

खरा दगा डिस्क देत नाही, कॅलिपर देतो. कॅलिपर ज्या पिनवर सरकतो त्या पिना आणि आतला पिस्टन गंजून जाम झाले की ब्रेक एकतर लागत नाही, नाहीतर सुटत नाही. म्हणून पैसे कमी असतील तर डिस्कवर कमी घाला, पण पिना आणि पिस्टन स्टेनलेसचेच मागा. रबरी बूट फाटलेला नको. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आपल्या हवेत तर जास्तच, तेव्हा पावसाळा संपला की ते बदला.

तुमच्या नव्या ट्रॅक्टरमध्ये तेलात बुडालेले ब्रेक असतात. ते गंजत नाहीत म्हणून ट्रॅक्टरवाला निर्धास्त असतो. पण ती निर्धास्ती दोन टनाला पुरते, मागच्या पाच टनाला नाही.

ब्रेक लावायचा कसा? एक प्रकार असा की ट्रॉली पुढे ढकलू लागली की दांडा आत सरकतो आणि सिलिंडर दाबून ट्रॉलीचा ब्रेक आपोआप लावतो. साधा आहे, पण रिव्हर्स घेतानाही ब्रेक लागतो, त्यासाठी खटका लागतो, आणि तो खटका परत काढायचं विसरलात तर ब्रेक असून नसल्यासारखा. दुसरा प्रकार ट्रॅक्टरच्या पेडलवरून हायड्रॉलिक किंवा हवेच्या नळीने चालणारा. तो जास्त भरवशाचा, विशेषतः जड ट्रॉलीला. नवीन ट्रॅक्टर घेणार असाल तर ट्रॉली-ब्रेकची जोडणी मिळते का, हे शोरूममध्ये म्युझिक सिस्टीमच्या आधी विचारा.

कॅम्प ५ च्या बाजूला काय बनत नाही? वेल्डिंग, लेथ, फॅब्रिकेशन, सगळं हाकेच्या अंतरावर. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर, हा विनोद आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्यात चेष्टेइतकंच कौतुकही आहे. इथल्या कारागिरांकडून ब्रॅकेट, दांडा, साखळीची कडी जरूर बनवून घ्या, ते काम त्यांच्याइतकं स्वस्त आणि पक्कं कुठे होणार नाही. पण पॅड, कॅलिपर, सिलिंडर आणि नळी यांच्यात 'सेम टू सेम'च्या नादी लागू नका. बिल घ्या, आणि पॅडवर बनवणाऱ्याचं नाव आहे का ते बघा. भंगारातल्या कारची डिस्क काढून ट्रॉलीला लावायची युक्ती कोणी सुचवेल. ती डिस्क दीड टनाच्या गाडीची आहे, ती पाच टनाला तापून तडकते.

सगळ्यांनी उद्याच खर्च करावा असं आम्ही म्हणत नाही. ज्यांची ट्रॉली खळ्यावरून घरापर्यंत सपाटीनेच जाते, त्यांनी साखळी आणि मागचे लाल रिफ्लेक्टर लावले तरी चालेल. पण ज्यांची ट्रॉली भरून उतारावरून किंवा नेवाळी-बदलापूरच्या रहदारीतून जाते, त्यांनी हे काम पुढच्या पावसाळ्यापर्यंत ढकलू नये. पेंढ्यापेक्षा विटा भरणाऱ्यांनी तर नाहीच. आणि विटांचं भाडं मारणाऱ्यांनी विम्याचा कागदही वाचावा. शेतीसाठी म्हणून उतरवलेल्या विम्यावर भाड्याच्या कामातला अपघात आला की भांडण सुरू होतं, आणि ट्रॉलीचं नाव त्या कागदावर आहे का हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. बदल करण्याआधी कल्याण आरटीओत नोंदीबद्दल विचारून घ्या.

कंपनीकडून एक मांडणी आहे. दहा-बारा सभासद एकत्र आले तर एकाच मापाचे ब्रेक एकदम घेता येतील, लेखी दर तीन ठिकाणांहून मागवता येतील, आणि पॅड-सीलचा थोडा साठा आपल्या गोदामात ठेवता येईल. प्रत्येकाने वेगळं लावलं तर दोन वर्षांनी कुणाचाच सुटा भाग मिळणार नाही. ब्रेक बसवल्यावर चाचणी कंपनीच्या आवारात, आधी रिकाम्या ट्रॉलीने, मग अर्ध्या भाराने. दोन्ही चाकं सारखी धरतात का आणि ब्रेक सोडल्यावर मोकळी फिरतात का, हे फिटरसमोर बघूनच पैसे द्यायचे.

ज्यांना यात यायचं आहे त्यांनी या नंबरवर चार गोष्टी पाठवा: ट्रॉली दोन चाकी की चार चाकी, टायरचा साइज, एका वेळी जास्तीत जास्त किती माल भरता, आणि एक्सलचा जवळून काढलेला फोटो. फोटो काढायला खाली वाकाल तेव्हा चाकाखाली दगड लावलेला असू द्या.