चित्रातली गाय आणि आजींची म्हैस

राई गावच्या एका भगिनीने लिहिले आहे, "आमचा गोठा मोडून बरीच वर्षे झाली. माझ्या दहा वर्षांच्या मुलीने 'आजीचा गोठा' असे चित्र काढले, तर त्यात काळीपांढरी बांडी गाय! सासूबाई म्हणाल्या, 'ही कुणाची? आपली तर म्हैस होती.' पोरगी रुसली, सासूबाईही गप्प झाल्या. काय करू?"

ताई, दोघींचेही खरे आहे. ही बांडी गाय मूळची हॉलंडकडची, होल्स्टीन-फ्रिजियन जातीची. पुस्तकांत नि जाहिरातींत हीच दिसते, मग मुलगी दुसरी कुठली काढणार?

पण खुद्द हॉलंडचे चित्रकार काय करीत, ठाऊक आहे? समोरचे जनावर बघून काढीत! पाउलस पॉटरचा 1647 सालचा, जवळजवळ खऱ्याएवढा वळू हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. निरनिराळ्या वयांची जनावरे न्याहाळून त्याने तो जुळवला. व्हिन्सेंट व्हॅन गॉग 1881 साली एटन गावी आईवडिलांकडे राहत होता. तिथे तो खणणारे शेतकरीच नव्हे, तर शिवण करणाऱ्या नि बटाटे सोलणाऱ्या बायकाही रेखाटीत बसे. म्हणजे आपल्या रोजच्या कामातही चित्र असते बरं का!

तुमचा गोठा आता सासूबाईंच्या डोळ्यांतच उरला आहे. तेव्हा दुपारी दोघींना शेजारी बसवा. आजींनी सांगावे, नातीने काढावे. शिंगे कशी वळलेली होती? दावे कुठे बांधीत? म्हैस बसताना आधी पुढचे गुडघे टेकते आणि उठताना आधी मागचा भाग उचलते, हे आजींना पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

बाह्यरेषेला साधी एचबी पेन्सिल पुरे. म्हशीच्या काळ्या अंगाला 4बी घ्या. जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून वही करा. खोडरबर मात्र लपवून ठेवा! चुकले तर शेजारीच पुन्हा काढू द्या. जवळपास कुणाचा गोठा असेल, तर विचारून गुरे रवंथ करीत असतील तेव्हा जा. जनावर बराच वेळ एका जागी असते, नि हलले तरी त्याच पानावर दुसरे चित्र सुरू करता येते.

चित्र पुरे झाले, की खाली म्हशीचे नाव लिहायला विसरू नका. ते आजींनाच विचारा. आठवणारच त्यांना!