काचेच्या पेटीजवळची परिचारिका

अपुऱ्या दिवसांचे मूल जगविण्यासाठी आज सरकारी व महापालिकांच्या रुग्णालयांतून नवजात अतिदक्षता विभाग उभे राहिले आहेत. उद्‌घाटनप्रसंगी काचेच्या पेट्यांची व श्वसनयंत्रांची मोजदाद होते. त्या पेट्यांजवळ रात्रभर जागणाऱ्या परिचारिकेस काय शिकविले आहे, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

अठ्ठावीस आठवड्यांच्या बालकाचा मेंदू अजून घडावयाचा असतो. मातेच्या उदरातील अंधार व निवांतपणा अकाली हिरावला गेल्यावर त्याच्या वाट्यास येतात ते यंत्रांचे भोंगे आणि डोळ्यांवर तळपणारे दिवे. अशा कक्षातील आवाज ४५ डेसिबलांच्या आत असावा, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी १९९७ सालीच सांगितले. पेटीवर फाइल आपटली तरी आत तो दणका बसतो, हे जिला ठाऊक आहे तीच हात आवरील!

प्राणवायूचे काम त्याहून जोखमीचे. तो उणा पडला तर जीव धोक्यात, अधिक झाला तर दृष्टिपटल बिघडून अंधत्वाचे भय. भोंगा वाजताच प्राणवायू वाढवून मोकळी होणारी परिचारिका आणि आधी बाळाच्या पावलावरील पट्टी सैल झाली की काय हे पाहणारी परिचारिका, यांच्यातील अंतर कष्टाळूपणाचे नसून ज्ञानाचे आहे.

बाळास मातेच्या उघड्या छातीशी धरण्याची रीत कोलंबियातील बोगोटा शहरी डॉ. एदगार रेय यांनी १९७८च्या सुमारास रुग्णालयात रूढ केली. (आमच्या आज्यांना यात फारसे नवल वाटले नसते.) दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच असे धरलेल्या कमी वजनाच्या बालकांत मृत्यूचे प्रमाण शेकडा १२ आढळले, प्रकृती स्थिरावण्याची वाट पाहिलेल्या बालकांत ते १५.७ होते. परंतु नळ्या लावलेले बाळ भेदरलेल्या मातेच्या छातीवर ठेवावयाचे आणि त्याच्या श्वासावर नजर कशी ठेवावी हे तिला समजावावयाचे, तर परिचारिकेस स्वतःस ते नीट उमगलेले हवे आणि हाती वेळही हवा.

वर्षभर खपून हे शिकलेल्या परिचारिकेस बदलीच्या फेऱ्यात अस्थिरोग कक्षात धाडणे, ही आमच्या मते शुद्ध उधळपट्टी होय. या विभागांतील प्रशिक्षित परिचारिकांना बदल्यांतून वगळावे. त्यांचे पुढील शिक्षण सुट्टीच्या दिवशी नव्हे, कामाच्या वेळातच व्हावे. आणि एका पाळीत एकीकडे किती बालके असतात, तो आकडा आरोग्यखात्याने नव्या यंत्रखरेदीच्या आधी जाहीर करावा.