पडदा घेताना आधी पन्नास हर्ट्झ विचारा

१९८० च्या दशकातले घरगुती संगणक पुन्हा चालू करण्याचा छंद आता चांगला रुजला आहे. १९८१ चा बीबीसी मायक्रो, १९८२ चे झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ ही त्यातली ठळक नावे, आणि त्यातली दोन तरी आपल्याला परकी नाहीत. स्पेक्ट्रम प्लस परवाना घेऊन भारतात विकला गेला, तर १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक प्रकल्पातून बीबीसी मायक्रो आपल्या शाळांमध्ये पोहोचला. यंत्र दुरुस्त होते, त्याचे सुटे भागही थोड्या खटपटीने मिळतात. घोडे अडते ते पडद्यापाशी. बहुतेक जण घरातला सर्वांत मोठा, सर्वांत नवा टीव्ही त्याला जोडतात, चित्र फिसकटलेले दिसते आणि खापर त्या चाळीस वर्षांच्या यंत्रावर फुटते. माझे म्हणणे असे की दोष यंत्राचा नसतो, निवडीचा असतो. अशा संगणकासाठी पडदा निवडताना इंच, फोर-के आणि चकचकीत रंग बाजूला ठेवावेत आणि तो पडदा सेकंदाला बरोबर पन्नास चित्रे स्वीकारतो का, हे सर्वांत आधी पाहावे.

या आग्रहामागचे कारण त्या संगणकांच्या सिग्नलमध्ये आहे. बीबीसी मायक्रो, स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ ची युरोपी आवृत्ती ब्रिटन-युरोपच्या पाल टीव्हीसाठी बनले होते. आपल्या दूरदर्शनचीही पद्धत तीच होती. पाल टीव्हीचे पूर्ण चित्र ६२५ रेषांचे असते आणि ते दोन हप्त्यांत येते, प्रत्येक हप्ता तीनशे साडेबारा रेषांचा म्हणजे ३१२.५. ती अर्धी रेषा महत्त्वाची, कारण तिच्यामुळेच दुसऱ्या हप्त्यातल्या रेषा पहिल्याच्या मधल्या फटींत बसतात. ४८ के स्पेक्ट्रम मात्र अर्धी रेषा गाळून सरळ ३१२ रेषा पाठवतो. त्यामुळे प्रत्येक हप्ता आधीच्याच जागी उमटतो आणि तो स्वतःच एक पूर्ण चित्र असतो. पिक्चर ट्यूबला याचे काहीच वाटत नसे. येईल ती रेषा ती रंगवत असे. आजच्या टीव्हीतली चिप मात्र समजून चालते की हे नेहमीचे अर्धे-अर्धे हप्ते आहेत. ती दोन वेगळी चित्रे एकमेकांत विणू पाहते, बारीक आडव्या रेषा थरथरतात, एकाआड एक हप्त्यात दाखवलेली आकृती फाटते किंवा गायबच होते. शिवाय हा हिशेब करायला टीव्हीला काही चित्रे अडवून धरावी लागतात. एक चित्र २० मिलिसेकंदांचे. तीन अडवली तर ६० मिलिसेकंद गेले. कळ दाबल्यावर उडी उशिरा पडते ती इथे.

दुसरी अडचण अधिक छुपी आहे. संगणकाचे बरेचसे मॉनिटर ६० हर्ट्झ गृहीत धरून बनतात. त्यांच्यापर्यंत सेकंदाला पन्नास चित्रे आली, तर साठाचा आकडा भरण्यासाठी संगणक आणि मॉनिटर यांच्यामध्ये बसणारा, सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर दर पाचांपैकी एक चित्र दोनदा दाखवतो. म्हणजे सेकंदाला दहा वेळा हालचाल अडखळते. स्थिर मजकुरावर हे कळत नाही, म्हणून दुकानात बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचा पडदा पाहून मॉनिटर पसंत केला जातो आणि घरी आल्यावर सरकणारी पार्श्वभूमी ठेचकाळू लागते. त्या काळच्या प्रोग्रॅमरांनी हालचाल, संगीत, कळफलक वाचणे हे सगळे पन्नासाच्या ठेक्यावर बांधले होते. तो ठेका मोडला की प्रोग्रॅम तोच राहतो, पण त्याची लय जाते. मॉनिटरच्या माहितीपत्रकात ‘व्हर्टिकल फ्रिक्वेन्सी’ अशी एक ओळ असते. तिथे ५६ ते ७५ असेल तर सावध व्हा. ४८ ते ७५ असेल तर तो मॉनिटर विचारात घ्यायला हरकत नाही. चित्रांचा वेग आपोआप जुळवून घेणाऱ्या अनेक नव्या मॉनिटरांची सुरुवात ४८ पासूनच होते. भारतात विकल्या जाणाऱ्या टीव्हीला पन्नास हर्ट्झ सहसा चालते, पण वर सांगितलेली विणकामाची खोड त्यात असतेच.

पन्नासाचा निकष लागला की मगच रेषांचे गणित करावे. ते फार सोपे आहे: जुन्या चित्राचा प्रत्येक ठिपका नव्या पडद्यावर पूर्ण पटीत मोठा झाला पाहिजे. प्रत्यक्ष दिसणाऱ्या २८८ रेषांचे चित्र १०८० रेषांच्या पडद्यावर पावणेचार पट होते, म्हणजे काही ठिपके जाड आणि काही बारीक. १४४० रेषांच्या पडद्यावर तेच बरोबर पाच पट, आणि २४० रेषांचे सहा पट. आणखी चांगले उदाहरण कार्यालयांतून बाद होणाऱ्या १७ आणि १९ इंची चौकोनी मॉनिटरांचे आहे. त्यांचे माप १२८० बाय १०२४. बीबीसी मायक्रोचे सर्वांत बारीक चित्र ६४० बाय २५६, म्हणजे आडवे दुप्पट आणि उभे चौपट. स्पेक्ट्रमचे २५६ बाय १९२, दोन्हीकडून पाचपट केले की रुंदी काठोकाठ भरते. इतकेच काय, बीबीसी बेसिकमध्ये चित्र काढताना जी मापे द्यायची, त्यांचा पट मुळातच १२८० बाय १०२४ चा आहे. त्या भाषेत काढलेले वर्तुळ या मॉनिटरवर वर्तुळच राहते, रुंद टीव्हीवर ताणले की अंडाकृती होते. मात्र या जुन्या मॉनिटरांपैकी अनेकांची मर्यादा ५६ हर्ट्झपासून सुरू होते. काही पत्रकाबाहेर जाऊन पन्नास स्वीकारतात, काही नाही. जोडून पाहूनच घ्यावा.

यातून खर्चाचा क्रम उलटतो. पडद्यावर कमी आणि मधल्या कन्व्हर्टरवर जास्त पैसे घालावेत. स्वस्त कन्व्हर्टर टीव्हीचीच चूक करतात, सिग्नलला हप्ते समजतात आणि साठावर नेऊन ठेवतात. ओएसएससीसारखे उपकरण आलेली प्रत्येक रेषा तिथल्या तिथे दोनदा-तीनदा पाठवते, अख्खे चित्र अडवून ठेवत नाही. बीबीसी मायक्रोसाठी तर मुद्दाम त्याच यंत्रापासून सुरू झालेला, रास्पबेरी पाय झीरोवर चालणारा आरजीबी-टू-एचडीएमआय आहे. तो ठिपका न् ठिपका मोजून उचलतो. इथे एक इशारा द्यायलाच हवा. बीबीसीच्या रंगांच्या वायरींवर पाच व्होल्टचे डिजिटल सिग्नल असतात, तर साध्या मॉनिटरची अपेक्षा ०.७ व्होल्टची. पिना जुळवून सरळ वायर जोडण्याच्या फंदात पडू नका.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला असतो: खरे चित्र पिक्चर ट्यूबवरच. त्यात तथ्य आहे. ट्यूबवर प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझतो, त्यामुळे हालचाल जितकी रेखीव दिसते तितकी एलसीडीवर दिसत नाही. खेळांतली प्रकाशाची बंदूक (लाइट गन) तर ट्यूबशिवाय चालतच नाही. शेजारचे रंग एकमेकांत मिसळतील असे धरून काढलेली चित्रेही सपाट पडद्यावर कोरडी वाटतात. ज्यांच्याकडे चांगली ट्यूब आहे त्यांनी ती जपावी. पण हा सल्ला सर्वांना देता येत नाही. ट्यूब जड, आत हजारो व्होल्ट आणि ते निर्धास्तपणे हाताळणारे कारागीर दरवर्षी कमी होत चाललेले. शाळेत किंवा घरी मुलांसमोर हे यंत्र ठेवायचे असेल तर सपाट पडदा हाच व्यवहार्य मार्ग आहे. दुसरा आक्षेप, इतकी यातायात कशाला, जुन्या संगणकाची नक्कल करणारा एम्युलेटर आहेच. आहे, आणि उत्तमही आहे. पण तो साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर चालवला की तीच अडखळ तिथेही येते. ओएलईडीबद्दल एवढेच, की बेसिकचा न हलणारा मजकूर तासन्‌तास ठेवायचा असेल तर त्याचे डाग राहण्याचा धोका आहे. साधा आयपीएस पडदा बरा.

म्हणून मॉनिटर कंपन्यांकडे मागणी आहे की पन्नास हर्ट्झ चालते की नाही, हे त्यांनी खोक्यावर स्पष्ट छापावे. आणि ज्या कार्यालयांत चौकोनी मॉनिटर भंगारात काढायचे घाटते आहे, त्यांनी ते उचलून देण्याआधी जवळच्या शाळेला किंवा छांदिष्टांना विचारावे. तसे मॉनिटर आता नव्याने फारसे बनत नाहीत.