तणमोर, फासेपारधी आणि चितमपल्लींचा वारसा

मारुती चितमपल्ली यांचे १८ जून २०२५ रोजी सोलापूर येथे निधन झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. वयाच्या ९३ व्या वर्षी या ज्येष्ठ पक्षितज्ज्ञाला निरोप देताना महाराष्ट्राने 'अरण्यऋषी' हे बिरुद पुन्हापुन्हा उच्चारले आणि ते यथार्थच होते. मात्र ऋषी म्हटले की नमस्कार करून मोकळे होता येते. गुरू म्हटले की दिलेला धडा गिरवावा लागतो. चितमपल्लींनी दिलेला धडा महाराष्ट्राने कितपत गिरवला, याची परीक्षा घ्यायची असेल तर त्यासाठी वाशिम जिल्ह्यातील गवताळ माळरानांइतकी योग्य जागा दुसरी नाही.

५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात जन्मलेले चितमपल्ली कोइंबतूरच्या वन महाविद्यालयात शिक्षण घेऊन राज्याच्या वनखात्यात दाखल झाले. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांतून त्यांची सारी नोकरी गेली आणि १९९० मध्ये ते निवृत्त झाले. सरकारी नोकरीत रान पाहणारे अधिकारी पुष्कळ झाले. पण रानाचा शब्द आणि शब्द टिपून ठेवणारा अधिकारी विरळाच. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'चकवाचांदण', 'पक्षीकोश' ही त्यांची पुस्तके मराठी वाचकाच्या घरात पोचली. बगळ्यांच्या वीण-वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे शब्द त्यांनी रूढ केले. २००६ साली सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ते या शब्दसंपदेचाच सन्मान करण्यासाठी.

ही संपदा त्यांनी आणली कोठून? संस्कृत ग्रंथांचा त्यांचा व्यासंग मोठा होता, हे खरे. परंतु त्यांच्या ज्ञानाचा दुसरा झरा ग्रंथालयात नव्हता. नवेगावचा तलाव आणि भोवतालचे रान तळहातासारखे ठाऊक असलेले माधवराव पाटील, मासे धरणारे ढीवर, रानात जन्म काढलेले गोंड आणि पक्षी पकडण्यावर पिढ्यान् पिढ्या गुजराण केलेले पारधी, या सर्वांना त्यांनी माहिती देणारे साधन न मानता शिक्षक मानले. गणवेशातला अधिकारी आणि ज्याच्यावर त्याने पाळत ठेवायची असा माणूस, या दोघांतील नाते त्यांनी उलटे केले. त्यांच्या कारकिर्दीचा सारांश एका वाक्यात सांगायचा तर तो हाच आहे.

आता वाशिमकडे वळावे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा बाहेरच्यांना ठाऊक आहे तो कारंजा, मंगरूळपीर, पोहरादेवी यांसारख्या श्रद्धास्थानांमुळे आणि अलीकडे सोयाबीनमुळे. येथील कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठी राखलेले छोटे अभयारण्य अवघे १८ चौरस किलोमीटरांचे आहे. मात्र जिल्ह्यातला सर्वांत दुर्मीळ जीव अभयारण्याची सीमा पाळत नाही. तो आहे तणमोर. पाऊस पडून गवत गुडघाभर झाले की हा पक्षी माळावर येतो. काळ्याभोर पिसांचा, डोक्यावर लांब तुरे मिरवणारा नर गवतातून सरळ वर उसळी घेतो, क्षणभर हवेत फडफडतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. मादीला आपण कोठे आहोत हे कळावे म्हणून तो दिवसातून शेकडो वेळा ही उडी घेतो. मादी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. गवत हेच तिचे घर आणि तेच तिचे कुंपण.

देशभरातील तणमोरांची संख्या १९८२ मध्ये सुमारे ४,३७४, १९९४ मध्ये २,२०६ आणि १९९९ मध्ये ३,५३० असावी, असे अंदाज निरनिराळ्या पाहण्यांतून निघाले. त्यानंतर मात्र घसरण इतकी तीव्र झाली, की २०१७ च्या पाहणीनंतर घट सुमारे ८० टक्क्यांची असल्याचे सांगण्यात आले. २०२१ पासून जागतिक पातळीवर या पक्ष्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ गेलाच. तणमोरही त्याच वाटेवर आहे.

याला कारण कोण, असे विचारताच बोट फासेपारध्याकडे जाते. ही सवय जुनी आहे. १८७१ च्या इंग्रजी कायद्याच्या कचाट्यात जे समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले, त्यांत पारधीही होते. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी संशय रद्द झाला नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो आवश्यकच होता. पण त्याने तितर-लाव्यांवर जगणाऱ्या माणसाची उपजीविका एका रात्रीत गुन्हा ठरवली आणि बदल्यात त्याच्या हाती काहीच ठेवले नाही. फासेपारध्याने पक्षी मारले नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. पण फासे शतकानुशतके लागत होते आणि तरीही तणमोर होता. माळ नाहीसा झाला तेव्हा तणमोर नाहीसा होऊ लागला.

माळ नाहीसा कोणी केला? वऱ्हाडात गावोगावी ज्याला ई-क्लास म्हणतात, ती गुरे चारण्याची सार्वजनिक जमीन सरकारी भाषेत 'पडीक' समजली जाते. पडीक म्हटले की तिच्यावर अतिक्रमण करताना कोणाला लाज वाटत नाही, आणि तिच्यात समपातळीचे चर खणून झाडे लावताना खात्याला पुण्य केल्याचे समाधान मिळते. वास्तविक गवताळ रान म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. ती स्वतंत्र आणि संपन्न सृष्टी आहे. ज्या माळावर झाड उभे राहिले, तो तणमोराने सोडला असे समजावे. गवत संपले की पक्षी पिकात शिरतो. तेथे फवारणी आणि आंतरमशागत यांतून अंडी वाचली, तर ते नशीबच.

या अवस्थेत तणमोर नेमका कोठे आहे, हे कोणाला ठाऊक असते? जो पक्षी वर्षातील बहुतेक काळ दिसत नाही आणि दिसतो तोही क्षणभरच, त्याचा माग सर्वांत आधी त्यालाच लागतो, ज्याचे आजे-पणजे आवाजावरून आणि गवताच्या लवण्यावरून पक्षी ओळखत आले. अकोला-वाशिम भागात कारंज्याच्या 'संवेदना' या संस्थेने नेमके हेच हेरले आणि फासेपारध्यांच्या सोबतीने गवताळ रान व तणमोर राखण्याचे काम सुरू केले. ज्या हातांना फास ठाऊक होता, त्या हातांनी नोंदी ठेवल्या. चितमपल्लींच्या पद्धतीचा याहून चोख पाठपुरावा दुसरा सांगता येणार नाही.

हा निव्वळ भाबडेपणा नाही, याचा दाखला तणमोराच्याच एका अभ्यासकाने दिला आहे. डॉ. रवी शंकरन यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत तणमोरावर काम केले. १९९४ आणि १९९९ चे अंदाज त्यांच्याच पाहण्यांचे. पुढे ते अंदमान-निकोबारच्या गुहांकडे वळले. तेथे पाकोळीसारखा एक पक्षी केवळ लाळेने घरटे बांधतो आणि त्या घरट्यांना परदेशी बाजारात सोन्यासारखा भाव मिळतो. घरटी काढणाऱ्यांमुळे पक्षी संपत आल्याचे शंकरन यांना आढळले. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा, की घरटी काढणाऱ्यांनाच गुहांचे राखणदार करावे आणि पिले उडून गेल्यावरच घरटे काढू द्यावे. जेथे हे घडले, तेथे पक्ष्यांची संख्या वाढू लागली. जानेवारी २००९ मध्ये अवघ्या ४५ व्या वर्षी शंकरन यांचे निधन झाले. पण गुहेतला तो विचार माळालाही तितकाच लागू आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे: चोरट्या शिकारीचे प्रकार आजही घडतात, विश्वास टाकला आणि तो फसला तर? तर कायदा आहेच, तो कोणी रद्द करा म्हणत नाही. पण आज विश्वास न टाकताही पक्षी संपतच आहे. शिवाय येथे वाल्याने वाल्मीकी व्हावे, अशी पुराणकथेतली अपेक्षाही नको. पारध्याने पाप सोडून पुण्यवान व्हावे, असे सांगणाऱ्याला त्याच्या ज्ञानाचे मोल द्यावे लागत नाही, म्हणून तो उपदेश स्वस्त असतो. प्रश्न हृदयपरिवर्तनाचा नसून मोबदल्याचा आणि मानाचा आहे.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. तणमोराची वीण होते ते माळ निश्चित करून तेथे चर आणि वृक्षारोपण थांबवावे. जुलै ते ऑक्टोबर त्या तुकड्यांवर चराई बंद ठेवून नंतर कापलेल्या गवताचा पैसा राखणदारांना आणि गुराख्यांना द्यावा. गुराख्याला बाहेर ठेवून माळ राखला जाणार नाही. ज्या शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये घरटे सापडेल त्याला तेवढ्या पट्ट्याची भरपाई मिळावी. मध्य प्रदेशाने तणमोराची खबर देणाऱ्या शेतकऱ्यांना रोख बक्षिसे दिलीच आहेत. वनजमिनीवर २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काची वाट मोकळी केली आहे. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी ज्या नोंदवह्या व्हायच्या आहेत, त्यांत पारध्याचे ज्ञान त्याच्या नावानिशी आणि त्याच्या बोलीतील शब्दांनिशी उतरावे. राखणदाराचा पगार मात्र वर्षभराचा हवा. चार महिन्यांच्या रोजंदारीवर कोणी पिढ्यांची वहिवाट बदलत नाही.

चितमपल्लींच्या नावाने पुरस्कार निघतील, उद्यानांना त्यांचे नाव दिले जाईल. त्यात गैर काहीच नाही. परंतु तणमोर गेल्यावर त्याचे नाव पक्षीकोशात जपून ठेवणे, हे त्यांच्या कामाचे सार्थक नव्हे. वाशिमच्या माळावरचा पारधी जोपर्यंत वनखात्याच्या दप्तरात केवळ संशयित म्हणून नोंदला जातो, तोपर्यंत त्यांच्या शिष्यत्वाचा दावा महाराष्ट्राने करू नये. ज्या दिवशी त्याच दप्तरात त्याचे नाव पक्ष्याचा जाणकार आणि राखणदार म्हणून पगारपत्रकावर चढेल, त्या दिवशी या राज्याने आपल्या अरण्यऋषीचे ऋण थोडेफार फेडले असे म्हणता येईल.