प्रतिनिधित्व आणि प्रतिमांकन : कृष्णवर्णीय चित्रपटाच्या समीक्षेतील एक गल्लत

इंग्रजीतील 'रिप्रेझेंटेशन' ही संज्ञा दोन भिन्न व्यवहारांना एकाच नावाखाली वावरू देते. एखाद्या समूहाच्या वतीने बोलणे हा एक व्यवहार. एखाद्या वस्तूची, व्यक्तीची वा अनुभवाची प्रतिमा घडवणे हा दुसरा. मराठीत पहिल्यास 'प्रतिनिधित्व' आणि दुसऱ्यास 'प्रतिमांकन' म्हणता येते. तरीही आफ्रिकेबाहेर विखुरलेल्या कृष्णवर्णीय समाजाच्या, म्हणजेच कृष्णवर्णीय डायस्पोराच्या, चित्रपटांचा विचार करताना हे दोन्ही व्यवहार सर्रास एकत्र केले जातात. चित्रपटाने समाजाचे दुःख 'मांडले' की नाही एवढेच तपासले जाते. ते पडद्यावर कसे घडवले गेले, हा प्रश्न गौण ठरतो. ही गल्लत सद्भावनेपोटी होते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. तिच्यामुळे कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या वाट्याला साक्षीदाराचा पिंजरा येतो, कलावंताचे स्वातंत्र्य येत नाही.

या प्रश्नाचे स्वरूप १९८७ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका वादातून स्पष्ट होते. सप्टेंबर १९८५मध्ये बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात दंगल उसळली. 'ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह' या गटाने त्या पार्श्वभूमीवर 'हँड्सवर्थ साँग्ज' (१९८६) हा चित्रपट केला. त्याचे दिग्दर्शक जॉन अकॉम्फ्रा. दंगलीची कारणे क्रमवार समजावून सांगण्याचे काम हा चित्रपट करीत नाही. जुनी वृत्तचित्रे, स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीची छायाचित्रे आणि ध्वनींचे थर यांच्या जुळणीतून तो अर्थ शोधतो. जानेवारी १९८७मध्ये सलमान रश्दी यांनी 'द गार्डियन'मधून त्यावर कठोर टीका केली. चित्रपटाची भाषा निर्जीव आहे आणि हँड्सवर्थच्या माणसांच्या जिवंत कहाण्या तीत ऐकू येत नाहीत, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. त्याच दैनिकातून स्टुअर्ट हॉल यांनी उत्तर दिले : नव्या भाषेचा शोध हाच या चित्रपटाचा खटाटोप असून तो रश्दींच्या नजरेतून निसटला आहे.

रश्दींची अर्धी भूमिका मान्य करावी लागते. विषय न्याय्य आहे म्हणून कलाकृतीला सवलतीचे गुण देऊ नयेत, हा आग्रह योग्यच आहे. अशी सवलत ही अवहेलनेचीच सभ्य आवृत्ती असते. मात्र 'कहाणी' हे माप त्यांनी स्वयंसिद्ध मानले. ज्या समाजाचा इतिहास इतरांच्या वृत्तचित्रांत, इतरांच्या निवेदनासह साठवला गेला, त्याने आधी त्या साठ्याचीच मोडतोड का करू नये, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. 'मिडनाइट्स चिल्ड्रन'च्या कर्त्याकडून हा प्रश्न सुटावा, हे नवलच.

या मापामागे दुर्मिळतेचे अर्थकारण आहे. ब्रिटनमधील पहिला कृष्णवर्णीय कथापट मानला जाणारा होरेस ओव्हे यांचा 'प्रेशर' सत्तरच्या दशकाच्या मध्यास तयार होऊनही त्याचे सार्वजनिक प्रदर्शन लांबणीवर पडले. चित्रपट मोजकेच होऊ शकतात, तेव्हा प्रत्येकाने संपूर्ण समाजाविषयी सर्व काही बोलावे, अशी अपेक्षा निर्माण होते. कोबेना मर्सर यांनी यालाच प्रतिनिधित्वाचे ओझे म्हटले. 'कृष्णवर्णीय' म्हणून कोणी एकजिनसी, निरागस नायक अस्तित्वात आहे ही समजूत टाकून द्यावी लागेल, असे हॉल यांनीही १९८८ साली बजावले होते.

आज परिस्थिती पालटली आहे, असे म्हटले जाते. '१२ इयर्स अ स्लेव्ह' (२०१३) आणि 'मूनलाइट' (२०१६) यांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. साधने कोणाच्या हाती आहेत याचा हिशेब मांडणे आवश्यक आहे, यात शंका नाही. पण मोजदाद म्हणजे समीक्षा नव्हे. पुरस्कारांची यादी वाचून समाधान पावणारी समीक्षा जुनेच ओझे नव्या वेष्टनात बांधते.

याउलट दोन चित्रपट पाहावेत. स्टीव्ह मॅक्वीन यांच्या 'स्मॉल ॲक्स' (२०२०) मालिकेतील 'लव्हर्स रॉक'मध्ये १९८० सालच्या पश्चिम लंडनमधील एका घरगुती मेजवानीची रात्र आहे. 'सिली गेम्स' हे गाणे वाजायचे थांबते आणि नाचणारी माणसे वाद्यांच्या साथीशिवाय ते गातच राहतात. कॅमेरा घाई करीत नाही. रस्त्यावरची धमकी दाराबाहेर आहेच. पण चित्रपट तिला रात्रीची मालकी देत नाही. यात 'प्रश्न' कोठे आहे, असे विचारणाऱ्या समीक्षकाला कृष्णवर्णीय माणसाचा आनंद हा विषय वाटत नाही, एवढेच सिद्ध होते.

दुसरा चित्रपट ॲलिस दिओप यांचा 'सेंट ओमेर' (२०२२). आपल्या बालिकेच्या हत्येचा आरोप असलेली सेनेगलची सुशिक्षित स्त्री फ्रेंच न्यायालयात उभी आहे. असे का केले, हे आपल्यालाही ठाऊक नाही. खटल्यातूनच ते कळेल अशी आशा आहे, असे ती सांगते. दीर्घ, जवळजवळ निश्चल चौकटी प्रेक्षकाला तिच्याकडे पाहत ठेवतात, पण तिचा अर्थ हवाली करीत नाहीत. तिची प्राध्यापिका साक्षीत म्हणते की, आफ्रिकी स्त्रीने विट्गेन्स्टाइनवर संशोधन करावे हे विचित्रच. स्वतःच्या संस्कृतीच्या जवळचे काही तिने का निवडले नाही? प्रतिनिधित्वाची मागणी इतक्या नेमकेपणाने क्वचितच उघडी पडली असेल. 'आपल्या' विषयावर बोला, ही ती आज्ञा आहे.

मराठी समीक्षेला ही आज्ञा अपरिचित नाही. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर'ने अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून आपले नाव घेतले आणि दोन्ही समाजांच्या साहित्याची तुलना तेव्हापासून होत आली. या तुलनेत सामाजिक साधर्म्याची चर्चा विपुल झाली, रूपाची अल्प. 'दाहक अनुभव' हे विशेषण बहाल करून दलित आत्मकथनांची वाक्यरचना, त्यांची काळाची मांडणी, त्यांतील मौने वाचण्याचे टाळले गेले. तोच चष्मा आता चित्रपटांवर चढवला जात आहे.

दुःखाची पावती देणे हे समीक्षेचे काम नव्हे. अकॉम्फ्रा, मॅक्वीन, दिओप यांच्या चौकटी कशा घडल्या, त्यांनी काय दाखवण्याचे नाकारले, हे वाचणे म्हणजे राजकारणाकडे पाठ फिरवणे नव्हे. कोणी काय आणि कसे पाहावे हे ठरवण्याची सत्ता तेथेच पणाला लागलेली असते. जी समीक्षा रूपाकडे पाहत नाही, ती या संघर्षाकडेही पाहत नाही.