खुर्ची आपली, किल्ली त्यांची

"आपला माणूस वर बसवलाय ना, मग अजून काय हवं?" कोल्हापुरात प्रत्येक निवडणुकीला हे ऐकतो आणि मला दक्षिण आफ्रिकेतलं ट्रान्सकाय आठवतं. वर्णद्वेषी सरकारनं १९६३मध्ये तिथं काळ्यांना 'स्वशासन' दिलं. विधानसभेत निवडून आलेले ४५, पदसिद्ध टोळीप्रमुख ६४. मतदारांनी बहुतेक जागा विरोधकांना दिल्या. प्रमुखांच्या बळावर मुख्यमंत्री झाले मटांझिमा.

आपलं संस्थान तरी काय होतं? चौथे शिवाजी छत्रपती १८८३मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या पहाऱ्यात वारले. गादी होती, सत्ता नव्हती. तरी शाहू महाराजांनी मिळालेल्या तेवढ्या जागेत १९०२ला रिकाम्या होणाऱ्या निम्म्या नोकऱ्या मागासांसाठी राखल्या, १९०६ला मुस्लिम बोर्डिंग उभं केलं.

राजा निवडायची सोय तेव्हा रयतेला नव्हती. आपल्या हातात मत आहे. तरी पक्षानं नेमलेल्या 'मुस्लिम चेहऱ्या'ला आपण हार घालतो आणि आपल्या पोरांच्या शिक्षणाचा, नोकरीचा हिशेब मागायला लाजतो. असा चेहरा आपला प्रतिनिधी नव्हे, त्यांचा मुकादम. नाव आपल्यातलं आहे, एवढ्यावर मी मत देणार नाही. तुम्हीही देऊ नका.