कसोटी सोन्याला, रक्ताला नाही

जबलपूरच्या सराफ्यात नुसत्या रंगावरून सोने कोणी घेत नाही. ते कसोटीवर घासले जाते. २०२१ पासून तर हॉलमार्कही टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाला. मग घरातील स्त्री फिकट दिसताच, रक्त न तपासता, ‘रक्तवर्धक’ बाटली का आणली जाते?

माझा आक्षेप आयुर्वेदाला नाही. पुनर्नवा मंडूर, लोहासव ही वैद्याने रोगी पाहून द्यायची औषधे आहेत. आक्षेप आहे तो अन्नाचा परवाना घेऊन औषध म्हणून खपवल्या जाणाऱ्या वनौषधी पूरकांना. महाकोशलात सिकलसेलही आहे; लोहाची उणीव नसताना दिलेले लोह व्यर्थ, प्रसंगी अपायकारकही ठरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) मध्य प्रदेशातील १५ ते ४९ वयाच्या ५४.७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांचा सरकारी कार्यक्रम तर १९७० पासूनचा. मळमळ झाली की गोळी सुटते आणि समजूत घालायला कोणी येत नाही. ती पोकळी बाटली भरते. म्हणून दोष केवळ विक्रेत्याचा नव्हे, आम्हा प्रशासकांचाही. गोळ्या वाटल्याचे आकडे पुरेत. गोळीआधी तपासणी आणि गोळीनंतर विचारपूस घरोघर पोहोचली पाहिजे.